कोबीतली अळी निर्दोष आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडी पडून कोबी-फ्लॉवर स्वस्त झाले की मोबाइलवर एक जुनाच मजकूर नव्याने फिरू लागतो. कोबीत म्हणे अशी एक अळी असते की जी शिजवूनही मरत नाही. ती पोटातून थेट मेंदूत चढते आणि माणसाला फिट येऊ लागतात. सोबत मेंदूच्या स्कॅनचे चित्र असते. चांगल्या शिकलेल्या घरांतूनही कोबी हद्दपार झाला आहे तो या मजकुरामुळे. चित्र बहुतेक वेळा खरे असते, आजारही खरा आहे. खोटी आहे ती अळी. चुकीचा आरोपी पकडला की खरा मोकाट सुटतो, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

कोबीच्या गड्ड्यात सापडणारी हिरवट अळी बहुतेकदा चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची असते. शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणते, पण खाणाऱ्याचे काही बिघडवत नाही. ती कीटक आहे. उकळत्या भाजीत मरते आणि चुकून कच्ची पोटात गेली तरी पचून जाते. मेंदूत गाठी करणारा प्राणी वेगळा आहे. तो पट्टकृमी, फितीसारखा चपटा आणि पेराच्या जोडणीचा जंत. त्याचे अंडे ३० ते ४० मायक्रॉनचे असते. मोहरीच्या एका दाण्याच्या रुंदीत अशी चाळीस-पन्नास अंडी सहज ओळीने बसतील. भाजी निवडताना अळी दिसते, ती चिमटीत धरून फेकली जाते आणि मन शांत होते. अंडे कुणालाच दिसत नाही; ते त्याच चिमटीच्या नखात असू शकते.

डुक्कर आणि माणूस यांच्यात फिरणाऱ्या या कृमीचे नाव टीनिया सोलियम. पूर्ण वाढलेला जंत फक्त माणसाच्या लहान आतड्यात राहतो, साधारण २ ते ४ मीटर लांब, काही वर्षे जगणारा. डोक्यावर चार चोषके आणि आकड्यांची दुहेरी माळ. त्यांनी तो आतड्याला धरून असतो. शेपटाकडची पेरे पिकली की तुटून शौचावाटे बाहेर पडतात आणि एकेका पेरात सुमारे ५० हजार अंडी असतात. उघड्यावरची विष्ठा डुकराने खाल्ली की अंड्यातला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि दोन-तीन महिन्यांत मांसात त्याची पिशवी तयार होते: ५ ते १० मिलिमीटरची, पाण्याने भरलेली, भिजलेल्या साबुदाण्यासारखी, आत एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे उलटे घडी घातलेले डोके. हे मांस कच्चे राहिले आणि खाल्ले, तर पिशवीतले डोके आतड्यात बाहेर उलटते, भिंतीला चिकटते आणि दोनेक महिन्यांत पेरे टाकू लागते. हे कोडे १८५५ साली जर्मनीत क्युखनमाइस्टर यांनी सोडवले. देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्याला त्यांनी डुकराच्या मांसातल्या या पिशव्या खाऊ घातल्या आणि शिक्षेनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी दाखवून दिले. शास्त्र पुढे गेले, पण प्रयोगाची रीत आज वाचतानाही अंगावर काटा येतो.

इथपर्यंत आजार पोटाचा आहे आणि तसा सौम्य आहे. पुष्कळांना शौचातली पांढरी फीत दिसेपर्यंत पत्ताही लागत नाही. गोंधळ होतो तो पुढे. माणसाच्या तोंडात पिशवीऐवजी अंडी गेली, तर त्याच्या शरीरात डुकराच्या शरीरात होते तेच होते. भ्रूण रक्तात शिरतात आणि स्नायू, कातडीखालचा भाग, डोळा, मेंदू असे जिथे अडकतील तिथे पिशवी करतात. मांसातून गेली ती पिशवी, तिचा आतड्यात जंत होतो. विष्ठेतून गेले ते अंडे, त्याची मेंदूत गाठ होते. एवढे वाक्य ज्याच्या ध्यानात राहिले त्याला बाकीचे सगळे आपोआप उलगडते. कडक शाकाहारी माणसाला हा आजार कसा होतो, हेही. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू वस्तीतल्या चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. ज्यांच्या घरात डुकराचे मांस उंबऱ्याच्या आत येत नाही, त्यांच्या मेंदूत या गाठी! माग काढला तेव्हा तो घरकामाला असलेल्या, मध्य-दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बायकांपर्यंत गेला. त्यांतल्या एकीच्या आतड्यात जंत सापडला. म्हणून लगेच कामवाल्या मावशीकडे संशयाने पाहू नये. जंत घरातल्या कुणाच्याही आतड्यात असू शकतो. जंत बाळगणारा स्वतःच्याच हाताने स्वतःच्या मेंदूतही गाठी करून घेऊ शकतो.

ब्रिटिशांना हा आजार हिंदुस्थानामुळे नीट कळला. इथली नोकरी संपवून मायदेशी परतलेल्या सैनिकांना काही वर्षांनी आकडी येऊ लागे. अशा ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. संसर्ग आणि पहिली फिट यांत अनेकांच्या बाबतीत कित्येक वर्षांचे अंतर होते. कारण असे की जिवंत पिशवी मेंदूत गुपचूप बसून राहते. ती शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवून ठेवते. ती मरायला लागते तेव्हा पहारेकरी जागे होतात, भोवती सूज येते आणि फिट येते. स्कॅनमध्ये दिसणारे चमकदार कडे हे त्या सुजेचे. पुढे ती विरून जाते किंवा चुनखडीचा खडा होऊन राहते. भारतात वर्षानुवर्षे अशी एकुलती छोटी गाठ दिसली की ती क्षयाची धरून वर्ष-दीड वर्ष टीबीच्या गोळ्या दिल्या जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. वेदांतम राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चँडी यांनी अशा गाठींचे तुकडे तपासून दाखवले की त्यांतल्या बहुतेक पट्टकृमीच्या आहेत. २० मिलिमीटरपेक्षा लहान एकच गाठ, डोक्यातला दाब वाढलेला नाही, हात-पाय लुळे पडत चाललेले नाहीत, अंगात दुसरीकडे क्षय नाही, या खुणा त्यांनी बांधून दिल्या. अनेक रुग्णांची मेंदूची शस्त्रक्रिया आणि क्षयाचा नाहक औषधोपचार त्यामुळे टळला.

उपचारात काय चुकते, ते सांगणे जास्त उपयोगाचे. पहिले म्हणजे कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा. फिट आलेल्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठा. दुसरे, फिटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे. तिसरी चूक औषधाच्या दुकानातली. ‘मेंदूतले जंत’ ऐकले की अल्बेंडाझोलची पट्टी हातात दिली जाते. जिवंत पिशव्यांवर अल्बेंडाझोल दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, १० ते १४ दिवस देतात हे खरे. जेवणाबरोबर, थोडे तूप-तेल पोटात असताना ते चांगले शोषले जाते. पण पिशव्या एकदम मारल्या की सूजही एकदम येते. म्हणून आधी स्टेरॉइड सुरू करतात आणि त्याच्याही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घेतात, कारण डोळ्यातली पिशवी औषधाने मेली तर दृष्टी जाऊ शकते. मेंदूभर पिशव्या पसरून आधीच सूज असेल, तर हे औषध देतच नाहीत. आधी सूज उतरवतात. आणि खडा झालेल्या गाठीवर कृमीनाशकाचा काहीच उपयोग नाही. मेलेल्याला पुन्हा काय मारणार?

आणि जी गोष्ट बहुतेक वेळा राहूनच जाते: मुलाला फिट आली, स्कॅन झाले, गाठ दिसली, औषध सुरू झाले, घरातल्या माणसांची शौचतपासणी मात्र कुणी सांगत नाही. ही अंडी लांबून उडत येत नाहीत. जंत बाळगणाऱ्या माणसाच्या अवतीभवतीच रुग्ण जास्त सापडतात. त्यामुळे घरातल्या सगळ्यांची आणि रोज स्वयंपाक करणाऱ्यांची वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा शौचतपासणी व्हायला हवी; तीन वेळा अशासाठी, की अंडी रोज पडत नाहीत. शौचात शेवयांसारख्या चपट्या पांढऱ्या तुकड्यांची माळ कधी दिसली का, हेही विचारावे. हा प्रश्न पुष्कळदा तपासणीपेक्षा जास्त सांगून जातो. तुकडा मिळाला तर बाटलीत घालून प्रयोगशाळेत न्यावा. गाईच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब अशीच दिसतात, पण पिकलेल्या पेरातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजल्या की जात कळते: डुकराच्या कृमीत एका बाजूला ७ ते १३, गाईच्यात बहुधा त्याहून जास्त. गाईचा पट्टकृमी माणसात गाठी करत नाही, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा.

आतड्यातला जंत काढायला निक्लोसामाइड २ ग्रॅम एकदाच चावून घेतात, किंवा प्राझिक्वांटेल किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम एकदाच. पहिले रक्तात शोषले जात नाही, दुसरे जाते. म्हणजे मेंदूत पिशव्या दडलेल्या माणसाला प्राझिक्वांटेल दिले तर फिट येऊ शकते. आधी कधी आकडी आली होती का, हे विचारल्याशिवाय ते देऊ नये. उपचारानंतर एका आणि तीन महिन्यांनी पुन्हा शौच तपासावे, कारण डोके आतड्यात राहिले तर त्यातून नवी पेरे फुटतात. शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला मिळणारी जंताची गोळी म्हणजे अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमचा एकच डोस. गोल जंतांवर ती उत्तम आहे आणि प्रत्येक मुलाने ती घ्यावीच. पण पट्टकृमी त्या एका गोळीने निघेल याची खात्री नाही. ‘आमच्याकडे सगळ्यांनी गोळी घेतली आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही.

भाजीबद्दल एवढेच. कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत, बाकीची सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. मीठ, हळद, व्हिनेगर, लाल औषध यांत भिजवून अंडे मरत नाही. अळी मात्र तरंगून वर येते आणि धुतल्याचे समाधान मिळते. अंडे जाते ते चोळण्याने आणि धारेने, मरते ते उष्णतेने. तेव्हा शिजलेला कोबी बिनधास्त खा. जपायचे ते कोशिंबिरीच्या गाजर-मुळ्याला, चटणीच्या कोथिंबीर-पुदिन्याला आणि गाडीवरच्या चायनीजवर भुरभुरलेल्या कच्च्या कोबीला, विशेषतः सांडपाण्यावर पिकलेल्या. पाण्यात घालतो त्या क्लोरीनला हे अंडे दाद देत नाही. पण जिवाणूंपेक्षा आकाराने मोठे असल्यामुळे चांगल्या कँडल फिल्टरमध्ये अडकते आणि उकळीने मरते.

डुकराचे मांस खाणाऱ्यांनी घाबरायचे कारण नाही. खिमा आतपर्यंत ७१ अंशांना, मोठा तुकडा ६३ अंशांना पोहोचून तीन मिनिटे तसाच राहिला, तर पिशवी मरते. तापमापक नसेल तर तुकडा कापून आत गुलाबी काही उरले नाही ना, ते पाहावे. गोव्याचे सोरपोतेल या बाबतीत आदर्श म्हणावे: मांस आधी उकडायचे, मग चिरून परतायचे, मग मसाल्यात शिजवायचे आणि पुढे दोन-तीन दिवस गरम करत राहायचे. त्यातून काही वाचत नाही. धोका असतो घाईत भाजलेल्या, आत लाल राहिलेल्या तुकड्याचा. गोठवूनही पिशव्या मरतात, उणे १५ अंशांत तीन दिवसांत. पण आपल्याकडे वीज जाते तितक्या वेळा जात असेल, तर घरच्या फ्रीजरवर भरवसा ठेवू नये.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. डुकराला हा रोग माणूस देतो. विष्ठा उघड्यावर नसेल तर डुकरात पिशवी होत नाही आणि डुकरात पिशवी नसेल तर माणसात जंत होत नाही. गोव्यात पूर्वी डुकरांशी जोडलेले संडास असत, तिथे हे चक्र एका भिंतीच्या दोन बाजूंना पूर्ण होई. आजही गावागावांत संडास बांधले गेले, पण मुलांचे शौच उकिरड्यावर टाकले जाते आणि उकिरड्यावर डुकरे असतात. डुक्कर बांधून पाळणाऱ्याला मदत करावी, मोकळे सोडणाऱ्याला समज द्यावी. जिवंत डुकराची जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूने बोट फिरवले तर गाठी हाताला लागतात. लागल्या तर रोग नक्की, न लागल्या तर नाहीच असे मात्र नाही. ऑक्सफेंडाझोल किलोमागे ३० मिलिग्रॅम एकदा तोंडावाटे दिले की मांसातल्या पिशव्या मरतात; त्यानंतर औषधाचा अंश जाईपर्यंत निदान तीन आठवडे तरी ते डुक्कर कापू नये. मेलबर्न विद्यापीठात संशोधन होऊन हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने तयार केलेली डुकरांची लसही आहे, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा. लस इथलीच आहे. ती वराहपालकाच्या दारापर्यंत पोहोचवणे एवढेच आपल्या हाती उरते.

महाराष्ट्रात मात्र डुकरापेक्षा जास्त घरांना चिकटून असलेली एक जोडी आहे: कुत्रा आणि मेंढी. यांच्यात फिरणारा पट्टकृमी म्हणजे एकायनोकोकस. कुत्र्याच्या आतड्यातला हा जंत जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरचा, तीन-चार पेरांचा, पण एकेका कुत्र्यात हजारोंनी असतो. कुत्र्याला त्याचा काही त्रास नाही. इथे पुन्हा डोळे फसवतात. कुत्र्याच्या शेपटाखाली वळवळणारे तांदळाचे दाणे पाहून लोक दचकतात. ते पिसवांतून येणाऱ्या, मानाने साध्या पट्टकृमीचे तुकडे असतात. घातक जंत दिसतच नाही. त्याची अंडी विष्ठेत, मातीत, कुत्र्याच्या केसांवर आणि चाटलेल्या भांड्यात राहतात. थंड, ओलसर जागी महिनोन्‌महिने टिकतात, कडक कोरड्या उन्हात लवकर मरतात. चरताना ती मेंढी, शेळी, गाय, म्हैस यांच्या पोटात जातात आणि कलेजी-फुप्फुसात पाण्याची गाठ होते. माणसाच्या तोंडात गेली तरी तेच: सुमारे ७० टक्के गाठी यकृतात, २० टक्के फुप्फुसात.

मटणवाल्याच्या ठोकळ्यावर ही गाठ पाहिली नसेल असा खाटीक विरळा. कलेजीच्या पृष्ठभागावर पांढुरका फुगवटा दिसतो. सुरी लागली की आतून पाण्याची चिळकांडी उडते. पाणी स्वच्छ, बर्फासारखे. आत उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा मऊ पापुद्रा, जो बोटाने सुटून येतो. पाणी वाटीत ठेवले तर तळाशी बारीक रेती बसते. त्या रेतीचा एकेक कण म्हणजे एकेक डोके आणि एका डोक्याचा कुत्र्याच्या आतड्यात एक जंत. डुकराच्या साबुदाण्यातून एकच जंत निघतो, इथे एका गाठीतून हजारो. खाटीक काय करतो? गाठीचा भाग कापून, गिऱ्हाइकाला चांगली कलेजी तोलून देऊन, तो तुकडा दुकानाखाली बसलेल्या कुत्र्याला टाकतो. त्याच्या मनात पाप नसते, उलट दयाच असते. पण रोगाचे सगळे चक्र त्या एका भिरकावण्यात आहे. ती गाठ माणसाने चुकून खाल्ली तरी त्याला हा आजार होत नाही. कुत्र्याने खाल्ली की साधारण सहा-सात आठवड्यांत तो अंडी टाकू लागतो आणि पहिला धोका त्याच्याशी खेळणाऱ्या खाटकाच्याच पोरांना असतो.

सर्वांत धोक्याची जनावरे म्हणजे म्हातारी. गाठ सावकाश वाढते, म्हणून कोवळ्या बोकडात ती लहान किंवा वांझ असते. चार-पाच वर्षांच्या मेंढीत, आटलेल्या म्हशीत ती रेतीने भरलेली सापडते. आणि म्हातारी मेंढी कत्तलखान्यात जातच नाही. ती वाटेत मरते, धनगराच्या वाड्याजवळ टाकली जाते, नाहीतर जत्रेत, आखाडात शेतावर कापली जाते आणि कळपाची कुत्री भोवती बसलेली असतात. त्याच कुत्र्यांनी मेंढीची मुंडी फोडून खाल्ली तर आणखी एक पट्टकृमी मिळतो. त्याची पिशवी मेंढीच्या मेंदूत होते आणि मेंढी एकाच अंगाला गोल गोल फिरत मरते. हे नुकसान धनगराला डोळ्यांनी दिसते. म्हणून त्याच्याशी बोलताना माणसाच्या आजारापेक्षा फिरणाऱ्या मेंढीपासून सुरुवात केली तर तो लवकर ऐकतो.

करायचे ते अवघड नाही. गाठ असो वा नसो, कच्ची कलेजी, फुप्फुस, मुंडी कुत्र्याला घालायची नाही. घालायचीच असेल तर तुकडे करून, उकळी फुटल्यावर निदान अर्धा तास शिजवून. शेतावर कापले तर हातभर नव्हे, कंबरभर खड्डा. वर चुना, माती, दगड आणि बाभळीची काटेरी फांदी, नाहीतर रात्रीतून उकरले जाते. दुकानात झाकणाचा, कुत्र्याला उलथता न येणारा डबा आणि त्याची रोज उचल. पाळीव आणि कळपाच्या कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल, किलोमागे ५ मिलिग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या तीन औषधांच्या एकत्र गोळीत ते बहुधा ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे १० किलोला एक गोळी आणि २० किलोच्या कुत्र्याला दोन. वेष्टनावर नाव वाचून घ्यावे. नुसते पायरँटेल, फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन या जंताला मारत नाही आणि ‘जंताचे औषध पाजले’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तेच पाजलेले असते. औषध जंत मारते, अंडी मारत नाही. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवायचा आणि विष्ठा जाळायची किंवा खोल पुरायची.

माणसातली गाठ वर्षाला १ ते ५ सेंटिमीटरच्या बेताने वाढते आणि वर्षानुवर्षे गप्प राहते. पोटाच्या सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ दिसली की ‘सुई घालून पाणी काढून पाहू’ हा मोह डॉक्टरांनी आवरावा. गाठ फुटली तर त्या पाण्याने तीव्र ॲलर्जी होऊन जीव जाऊ शकतो आणि सांडलेली रेती पोटभर नव्या गाठी पेरते. सोनोग्राफीवरच तिची अवस्था ठरते आणि तीवर उपचार ठरतो: काहींना नुसते अल्बेंडाझोल, काहींना औषधाच्या संरक्षणाखाली सुईने पाणी काढून आत तीव्र मिठाचे पाणी भरून पुन्हा शोषणे, काहींना शस्त्रक्रिया, आणि थिजून गेलेल्या गाठींना काहीच नाही, फक्त नजर. औषध महिनोन्‌महिने चालते तेव्हा यकृताच्या आणि पांढऱ्या पेशींच्या तपासण्या सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी कराव्या लागतात. फुप्फुसातल्या गाठीला सुई लावत नाहीत आणि शस्त्रक्रियेआधी अल्बेंडाझोल देतानाही सांभाळतात, भिंत कमजोर होऊन ती फुटू शकते. खोकल्यातून अचानक खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे पडले, तर ते थुंकून न देता डब्यात घेऊन जावे; निदान तिथेच होते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णापासून मात्र हा आजार कुणाला होत नाही, त्याचे ताट-वाटी वेगळे काढू नये.

हे आटोक्यात येते, हे इतरांनी दाखवले आहे. आइसलँडमध्ये १८६३ साली डेन्मार्कहून आलेल्या क्राबे यांनी कुत्री तपासली. पुढे घरोघर पुस्तिका गेली, कायदे झाले आणि तिथून हा आजार नाहीसाच झाला. टास्मानियाने १९९६ मध्ये, न्यूझीलंडने २००२ मध्ये जवळपास मुक्ती जाहीर केली. न्यूझीलंडमध्ये प्राझिक्वांटेल येण्यापूर्वी गावातली कुत्री एका जागी आणवून त्यांना अरेकोलिन पाजत आणि जुलाबातून पडलेले जंत मालकाच्या डोळ्यांदेखत मोजत. अरेकोलिन म्हणजे आपल्या सुपारीतला अर्क! लाजेने का होईना, मालक कच्चे काळीज घालायचे थांबले. या सगळ्या ठिकाणी कुत्र्याला मालक होता, हे मात्र विसरून चालणार नाही. आपल्याकडे बहुतेक कुत्र्यांना तो नाही, म्हणून नुसत्या गोळ्यांवर आपली गाडी पुढे जाणार नाही.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी करताना रेबीजची लस देतात, तेव्हाच प्राझिक्वांटेलही द्यावे आणि ती कुत्री पिंजऱ्यात असेपर्यंतची विष्ठा जाळावी. कुत्रा हातात आलेलाच असतो, खर्च गोळीपुरता. पण सुटल्यावर त्याला पुन्हा कच्चे फुप्फुस मिळाले तर सहा-सात आठवड्यांत मूळपदावर. म्हणून भर हवा तो कत्तलखान्यावर. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार जनावर परवानाधारक कत्तलखान्यातच कापावे, कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्यकाने तपासावे, आणि एका पशुवैद्यकाने तासाला १२ व दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत. तालुक्याच्या गावात सकाळी दुकानामागेच बोकड सोलला जातो, तिथे हा आकडा वाचून हसू येईल. तरी प्रत्येक नगरपालिकेला उद्यापासून करता येईल अशी एक गोष्ट आहे: मटण दुकानाच्या परवान्याचे नूतनीकरण करताना झाकणाचा डबा आहे का आणि त्यातला माल रोज कोण, कुठे नेतो, या दोन प्रश्नांची उत्तरे जागेवर जाऊन लिहून घ्यावीत. तपासायची वेळ सकाळी सहा ते आठ. अकरा वाजता निरीक्षक येतात तोवर ठोकळा धुतलेला असतो आणि कुत्रे पोट भरून सावलीला झोपलेले असतात.

आपले,
परजीवीशास्त्र शिकवणारे दोन वाचक
(एक पशुवैद्यक, एक डॉक्टर)